भंडाऱ्यावर सोडलेली परीक्षा

बिराप्पा जोतीराम आमच्यातला पहिला बी. ए. आमच्यातला म्हणजे जतकडच्या माळावरच्या मेंढपाळांतला. मी स्वतः सातवी नापास. कायदा शिकलो तो मोर्च्यात आणि कोठडीत. मेंढरांच्या जुन्या वाटा बागायतदार तारा ठोकून बंद करत होते आणि कोर्टात आमच्याकडून बोलायला आमचा वकील नव्हता. म्हणून या पोराच्या मागं मीच लागलो. चौऱ्याहत्तर साली सांगलीतल्या एका लॉ कॉलेजनं प्रवेशासाठी परीक्षा ठेवली. बिराप्पा मेंढरांमागं चालता चालता घटनेची कलमं पुटपुटायचा. आई बनाबाई म्हणायची, "ह्येला वारं लागलंय."

उन्हाळ्यात त्यांचा कळप आष्ट्याला बागायतदार लालासाहेबांच्या रानात बसायचा. रात्री मेंढरं शेतात, लेंडीखत रानाला, धान्य मेंढपाळाला. कळप एकदा रानात बसला की सगळं रान खतवून झाल्याशिवाय उठवायचा नाही, ही आमची रीत.

परीक्षा तोंडावर आली आणि, बिराप्पानं मला मागाहून सांगितलं तसं, लालासाहेब बांधावर आले. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला गडी. वाटा अडवण्यात पुढं, पण शब्दाला पक्का, असं आम्हीही म्हणायचो.

"बिराप्पा, एवढी घाई कशाला? ज्यास्नी जमत न्हाई त्येंची परीक्षा महिन्यानं परत घेत्यात. माझी वळख हाय तिथं. बापाची कंबर धरलीया, एकट्याला टाकून जाऊ नगंस."

"तसं कुणी बोललं न्हाई मालक, कॉलेजात."

तेव्हा बाप जोतीरामनं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला. "मालक म्हनत्यात ते खरं हाय. बिरोबाची आन."

संपलं. हळदीचा तो भंडारा हातात घेऊन आमच्यात कुणी खोटं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सायकल घेऊन हजर. "चल गड्या, माझ्या सांगलीच्या खोलीवर झोप, सकाळी कॉलेजात सोडतो."

"न्हाई नाना, म्होरच्या महिन्यात परत घेत्यात म्हनले मालक, तवा बसतो."

"बागायतदाराच्या शब्दावर? डोकं फिरलं का तुझं?"

"आबांनी भंडारा उचललाय."

मी सायकल वळवली.

परीक्षा झाल्यावर पुढची तारीख विचारायला कॉलेजात गेलो. कारकुनानं मानही वर केली नाही. "दुसरी कसली? झाली ती झाली. आता पुढच्या सालाला."

डोक्यात तिडीक घेऊन आष्टा गाठलं. बिराप्पाला रानातून उठवला आणि लालासाहेबांच्या ओट्यापुढं उभा केला. "सुभेदार, वाटा बंद केल्या, आता पोराचं तोंडबी बंद करायचंय व्हय?"

माणूस शांत होता. "मला शिव्या घालू नगंस. जोतीरामच आलता माझ्याकडं. पोरगं वकील झालं की माळावर परत येत न्हाई, तुमीच अडवा म्हनला. मला काय, बरंच की. पर भंडारा उचल असं मी सांगितलं न्हवतं."

सारं भाषण मी वैऱ्यासाठी पाजळून आणलं होतं. बिराप्पा तोवर रानाकडं निघाला होता.

जोतीराम रानात कोकराला पाजत बसला होता. बिराप्पा पुढ्यात जाऊन बसला. "आबा, खरं हाय?"

"मेंढरं कुनी राखायची? तू काळा डगला घालून सांगलीत बसनार. आन मी?"

"मग तसं म्हनायचं. जाऊ देत न्हाई म्हनायचं."

"ऐकलं असतंस व्हय?"

"भांडलो असतो. पर तुमच्या भंडाऱ्यावरचा इस्वास तरी ऱ्हायला असता."

म्हाताऱ्यानं कोकरू उचलून दुसऱ्या मेंढीला लावलं. मी म्हणालो, "उठव रं कळप, अर्धं रान तसंच सोड, सुभेदाराला कळू दे." तर पोरगं माझ्यावरच उखडलं. "भंडाऱ्याची रीत आबांनी मोडली. रानाची मी न्हाई मोडनार."

रान पुरं होईपर्यंत तो थांबला. रोज मेंढरं बसवली, उठवली. बापाशी एक शब्द नाही. शेवटच्या दिवशी लालासाहेबांनी धान्य घातलं, जोतीरामच्या डोक्याला पटका बांधला. कळप माळाकडं वळला, तशी बिराप्पानं काठी बापाच्या पायाशी ठेवली.

"मी सांगलीला चाललो."

"आता कुटली परीक्षा?"

"म्होरल्या सालची. तिची तारीख तुमास्नी सांगनार न्हाई."

पुढच्या वर्षी तो परीक्षेला बसला आणि पास झाला. हे मला त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या कुपवाडच्या एका कामगाराकडून कळलं. तारीख बिराप्पानं मलाही सांगितली नव्हती.