एर्मेलिंदाचा कर्नल

एर्मेलिंदा कोरियाने नवऱ्याचा बेडूक जिवंत जाळला, ही गोष्ट आमच्या पोसो आमार्गो गावात आजही कुणी तिच्या तोंडावर काढत नाही. काढायची टापच नाही कुणाची. जाळायला सांगणारे आम्हीच होतो.

आमच्याकडचा शिंगाळ बेडूक ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, नुसतं तोंड आणि पोट असतं ते. ओंजळ भरेल एवढा देह, डोळ्यांवर दोन टोकं, अंगावर हिरवे-तपकिरी डाग. याच्या चाव्यानं घोडा मरतो, हा धरला की सोडत नाही, आणि मेला तर मीठ टाकून जाळावा लागतो, नाहीतर घरातल्या आजारी माणसाला सोबत घेऊन जातो, हे आमच्या पोरांना चालायच्या आधी कळतं.

निकानोरचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. तो रानात तारेची कुंपणं घालायचा. एकदा खांबासाठी खड्डा खणताना हा बेडूक सापडला, तो त्यानं टोपीत घालून घरी आणला. अर्धं कापलेलं लोखंडी पिंप अल्गारोब्याच्या झाडाखाली सावलीत ठेवलं, त्यात ओली माती आणि पाला भरला, आणि पाहुण्याचं नाव ठेवलं कर्नल.

"एका घरात तो तरी राहील नाहीतर मी तरी," एर्मेलिंदा म्हणाली.

"मग तुझं गाठोडं बांधायला मदत करू का, म्हातारे?" निकानोर म्हणाला. तेव्हा दोघंही पन्नाशीची नव्हती, पण आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना म्हातारे, म्हाताऱ्या असंच म्हणतात.

ती गेली नाही. पण अकरा वर्षांत तिनं त्या पिंपात एकदाही डोकावून पाहिलं नाही. मातीच्या भट्टीत पाव भाजायची, ते विकायला जायची, आणि येता-जाता पिंपाला वळसा घालायची. निकानोर संध्याकाळी माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत पिंपाशी खुर्ची टाकून बसायचा, चिमट्यानं टोळ भरवायचा, कर्नलशी गप्पा मारायचा. आमच्याकडे हिवाळा मे-जूनमध्ये येतो; थंडी पडली की तो पिंपावर गोणपाट टाकायचा आणि ऑक्टोबरात काढायचा. मधल्या काळात आत काय चालतं ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

एका एप्रिलमध्ये कुंपणावर काम करतानाच निकानोर कोसळला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्याला शहराच्या इस्पितळात ठेवलं. दर रविवारी एर्मेलिंदा चार तास बसनं जायची. तो बोलू शकत नव्हता, पण डाव्या हाताच्या दोन बोटांचा चिमटा करून हवेत हलवायचा.

"खातोय, खातोय तुझा कर्नल," ती सांगायची. "माझ्यापेक्षा जास्त खातोय."

आणि खरंच भरवत होती हो ती. मान दुसरीकडे वळवून, हातभर लांब काठीला टोळ बांधून. आतून फटकन आवाज आला की काठी टाकून पळायची. नवरा बरा होऊन येईपर्यंत त्याची ही एक वस्तू सांभाळायची, एवढंच तिच्या हातात होतं. डॉक्टर काही धड सांगत नव्हते.

मे संपता संपता फटकन आवाज येणं बंद झालं. टोळ काठीलाच वाळायला लागले. जूनमध्ये एका सकाळी तिनं जीव मुठीत धरून काठीनं माती उकरली. वर आला तो मातकट, सुकलेला गोळा. अंगावर जुन्या कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे. ना डोळा, ना तोंड, ना श्वास.

तिनं उर्सुलाला हाक मारली. उर्सुला म्हणजे शेजारीण, वयानं मोठी, म्हणून सगळे तिला मानानं दोन्या म्हणतात. गावात कुणीही मेलं की तिलाच बोलावतात.

"मेला हा," उर्सुला म्हणाली. "कधीचाच मेलाय. वाळून गेलाय बघ. भट्टी पेटलीय ना?"

"निकानोर येऊ दे, दोन्या उर्सुला. त्याला निदान बघू दे."

"अगं, निकानोर यावा असं वाटतंय ना तुला? मग वाट कसली बघतेस? दिवस मावळायच्या आत जाळ. हा असा घरात पडून आणि तो तिकडे खाटेवर पडून. तुला कळत नाही का?"

तिला कळत होतं. आम्हा सगळ्यांनाच कळत होतं, तेच तर दुखणं आहे. तिनं फावड्यावर तो गोळा घेतला, भट्टीच्या निखाऱ्यांवर ठेवला आणि मूठभर मीठ टाकलं. पापुद्रे पेटले. मग आतून एक पाय बाहेर आला आणि ताणला गेला.

"हलला," एर्मेलिंदा म्हणाली.

"विस्तवात सगळंच हलतं," उर्सुला म्हणाली आणि तिनं भट्टीचं झाकण लावलं.

ऑगस्टमध्ये निकानोरला घरी आणलं. उपाय लागू पडला असं गाव म्हणालं. त्याला एकेक शब्द फुटायला लागला होता. पहिल्याच दिवशी त्यानं खुर्ची पिंपाशी लावून घेतली. रिकाम्या पिंपावर एर्मेलिंदानं गोणपाट टाकून ठेवलं होतं; त्यावर त्यानं डावा हात ठेवला, पण ते उचललं नाही. नऊ दिवस तो तसाच बसत होता आणि नऊ दिवस एर्मेलिंदा त्याला वळसा घालून जात होती. दहाव्या दिवशी ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"म्हाताऱ्या, तो गेला. जूनमध्ये गेला. मी रीतीप्रमाणे जाळला."

निकानोरनं गोणपाटावरचा हात काढून घेतला.

"कसा... दिसत होता?"

"सुकलेला. वर साली आलेल्या. कांद्यासारख्या."

त्याचे ओठ जुळायला वेळ लागला.

"झोपला... होता," तो म्हणाला. "थंडीत... झोपतो."

त्या पायाचं तिनं त्याला सांगितलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. तो तिला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं बोलणंच सोडलं. शब्द तसेही मोजकेच उरले होते, त्यातला एकही त्यानं तिच्यासाठी खर्च केला नाही.

ऑक्टोबरात पहिल्या पावसानं तळं भरलं आणि काठावर बेडूक ओरडायला लागले. एके दिवशी उजाडताच एर्मेलिंदा रिकाम्या हातांनी तळ्यावर गेली. काठी नाही, फावडं नाही. चिखलात गुडघे टेकून तिनं एक शिंगाळ बेडूक उचलला आणि त्यानं तिच्या अंगठ्यात दात रोवले. तिनं हात झटकला नाही. बेडूक तसाच लोंबकळत ठेवून ती अख्ख्या गावातून चालत आली. लोकांनी छातीवर क्रूस काढले. उर्सुलानं दार लावून घेतलं.

निकानोर खुर्चीतच होता. त्यानं आधी बेडूक बघितला, मग कोपरापर्यंत ओघळलेलं रक्त.

"पाण्यात... बुडव. हात."

तिनं बादलीत हात बुडवला. थोड्या वेळानं बेडकानं तोंड उघडलं. निकानोरनं तिचा अंगठा आपल्या डाव्या हातात घेतला आणि घट्ट दाबून धरला.

"हा... तो नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे रे."

"घाबरली... नाहीस?"

"मेले घाबरून," ती म्हणाली आणि रडली.

त्यानंतर पाच महिने तो जगला. तेवढ्यात त्यानं तिला सगळं शिकवलं, एकेका शब्दानं. पाणी विहिरीचंच. माती ओली, पण चिखल नाही. बोट पुढे करायचं नाही. थंडीत गोणपाट टाकायचं आणि उकरायचं नाही, कसाही दिसला तरी. हे शेवटचं त्यानं तीनदा सांगितलं.

मार्चमध्ये आम्ही त्याला पुरला. जूनमध्ये उर्सुला सांत्वनाला आली. तिनं गोणपाट जरासं उचललं, मातीतून वर दिसणारी वाळकी पाठ बघितली आणि पुटपुटली, "मीठ आणते मी."

"बसा, दोन्या," एर्मेलिंदा म्हणाली. "माते घ्या. तो झोपलाय." उर्सुला बसली. दोघी एकमेकींकडे न बघता माते प्यायल्या.

तो हिवाळा एर्मेलिंदानं निकानोरच्या खुर्चीत काढला. ऑक्टोबरात तिनं गोणपाट काढलं, विहिरीच्या पाण्याच्या तीन बादल्या हळूहळू ओतल्या आणि बसून राहिली. दुपारी माती हलली. साल फाटली, एक पाय बाहेर आला आणि ताणला गेला. मग दुसरा पाय आला, मग तोंड उघडलं, आणि आपलीच जुनी साल तो गिळायला लागला.

"म्हाताऱ्या," ती घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "ये बाहेर, उठला बघ."

भट्टीत पाव होते. ते करपेपर्यंत ती उठली नाही.