घामातली पोपटी

आमच्या ऑफिसातला शिपाई खांदेश्वरजवळच्या गावचा. काही विचारलं की आधी आभाळाकडे बघायचा, मग माणसाकडे. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात थंडी आलीच नाही आणि जमीन सरकारने घेतल्यावर त्याच्याकडे उरलेल्या तुकड्यातल्या वालाचा फुलोरा गळून गेला. मी त्याला पेपर वाचून दाखवला. पार दक्षिण अमेरिकेजवळचा समुद्र तापलाय, त्यामुळेही असेल, असं त्यात होतं.

त्याने आभाळाकडे बघितलं. "त्या दर्याला मी काय सांगनार, भाऊ? वाल तर माजा हाय."

पुढच्या वर्षासाठी मडक्यात राखलेलं बियाणं त्याने जानेवारीत पेरून टाकलं. ऑफिस सुटलं की विहिरीवरून कावडीने पाणी घालायचा.

"हेही गेलं तर बियाणं कुठून आणशील?" मी चिडून विचारलं. त्याने पुन्हा आभाळ बघितलं आणि कावड उचलली.

मार्चमध्ये त्याने आम्हाला पोपटीला बोलावलं. रानातल्या भांबुर्डीचा वासाचा पाला आणि वालाच्या शेंगा भरलेलं मडकं उपडं घालून त्याने भोवती जाळ केला. थंडीत शेकत खायच्या त्या शेंगा आम्ही घामाने निथळत खाल्ल्या.

बांधालगतची एक ओळ मात्र त्याने कुणाला तोडू दिली नाही.

"ती बियान्याची," तो म्हणाला. या वेळी आभाळाकडे न बघता.