न पडलेला कौल

वसंतभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याला लेकीकडे होते. शेजारची शालू एवढंच म्हणाली, "वयनी, भाऊ गेले... सकाळी मी चाय घेऊन गेलंय, तर उठलेच नाय." नवरा गेल्यावर त्या घरात मला बोलायला हा धाकटा दीर एवढाच माणूस उरला होता. आता महिना झाला. अजून पेपरात काही वाचलं की "भावजी, ऐका हो" तोंडात येतं.

मी माणदेशातली. लग्न होऊन कणकवलीजवळच्या या गावात आले, तेव्हा घरामागच्या ओहोळाच्या आवाजाने मला झोप लागेना. भावजी चिडवायचे, "वयनी, घाटार पाणी खंय आसा? म्हणान तुमका आमच्यात दिल्यानी." तो ओहोळ देवराईतल्या कोंडीत, म्हणजे डोहात, साठायचा. राईतल्या पूजेचा आणि देवाला कौल लावण्याचा मान भावजींचा. कोंडीतले मासे देवाचे, त्यांना कुणी हात लावत नसे. भावजी भाताची मूठ पाण्यात धरायचे आणि मासे त्यांच्या बोटांना तोंड लावायचे. माणूस तसा तिरसट, पण तिथे पार निवळायचा.

मग तो वाईट उन्हाळा आला. आधीच्या साली पावसाने लवकर काढता पाय घेतला होता आणि नवा येण्याचं नाव घेईना. दुष्काळ मी जन्मापासून पाहिलेला, पण आमच्याकडची बाभूळ, बोर उपाशी राहायला शिकलेली असतात. इथली राई पाण्याला सोकावलेली. आधी नेचे करपले. बेडूक दिसेनासे झाले, तसे त्यांच्यावर जगणारे साप लोकांच्या न्हाणीत निघू लागले. सुरंगीने कळ्या गाळल्या आणि मधमाश्या पोळं सोडून गेल्या. जांभळं पिकण्याआधीच सुकून पडली, मग वानरं माडांवर आली आणि लोकांनी त्यांच्यामागे फटाके लावले. कोंडीचं डबकं झालं. त्यात मासे अंगाला अंग लावून, तोंडं वर काढून...

वाडीतली माणसं पिंपं घेऊन आली. आमच्या विहिरीला पाणी होतं, तिथे मासे हलवायचे ठरलं. भावजी आडवे आले. राईतलं वाळकं पानसुद्धा कौलाशिवाय बाहेर नेत नाहीत. मी म्हटलं, "भावजी, आधी मासे उचला, कौल मग मागा."

"तसा नाय वयनी. देवाची वस्तू. इचारल्याबिगर हात कसो लावू?"

देवाच्या पाषाणावर उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या उन्हात पाकळ्या दगडावरच सुकून घट्ट बसल्या. होही नाही, नाहीही नाही. भावजींनी पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. दिवस मावळताना म्हणाले, सकाळी बघू. सकाळी सगळे मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. भावजी चिखलात उतरले आणि एकेक मासा हातात घेऊन बघत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण ते बघवेना.

पुढच्या पावसाळ्यात कोंड भरली. "पाणी इला वयनी, पण पाण्यात कोण नाय," भावजी म्हणाले. मासे नाहीत म्हणून खंड्या बसेना, पाणमांजर फिरकेना. वठलेल्या झाडांच्या जागी ऊन शिरलं आणि रानमोडीचं तण माजलं. भावजींनी मान चुलतभावाला देऊन टाकला. त्यानंतर कौल म्हणून कधी लावला नाही. उन्हाळा लागला की परसातली दगडी डोण रानातल्या जिवांसाठी पाण्याने भरून ठेवायचे. आतल्या आत जळत गेला हो माणूस.

बाराव्याला चुलतभावाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराकडसून काय चुकला माकला आसात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी म्हटलं नाही. ज्या देवाने विचारल्यावर उत्तरच दिलं नाही, त्याच्याकडे माफी कसली मागायची?

परवा मी डोण भरायला घेतली. ऊन कडक होतं, तळाशी वाळकी पानं साचलेली. शालू कुंपणापलीकडून म्हणाली, "वयनी, भाऊंचा काम तुमी करूचा काय नाय, ता देवाक इचारलास?"

मी कळशी ओतली आणि दुसरी भरायला विहिरीकडे गेले.