सर, मी ती दुरुस्ती वाचली नव्हती

वर्षभर ही पोस्ट टाळली.

लिहायची तर सरांशी खोटं बोललो तेही लिहावं लागणार, म्हणून.

आज जाधव सरांना जाऊन वर्ष झालं. सकाळी त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक जेवून गेले. काकी, म्हणजे सरांच्या मिसेस, आत आडव्या झाल्यात. मी पडवीत सरांच्या लॅपटॉपसमोर बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सर देवरूखला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. रिटायर होऊन रत्नागिरीत आले आणि खाडीच्या भरती-ओहोटीचं गणित करणारं सॉफ्टवेअर लिहिलं. फुकट आणि खुलं. कोणीही वापरा, कोणीही बदल सुचवा. कुठल्या कुठल्या देशांतले संशोधक ते वापरतात.

मी त्यांचा विद्यार्थी नाही. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला. गोकर्णला हॉस्टेलात काम केलं, मनालीला गाड्या धुतल्या. तिथल्या पाण्याच्या थंडीवर एक वेगळी पोस्ट होईल, असो. घरी परत आलो तेव्हा कोणीतरी सरांचं वायफाय बघायला पाठवलं. मग रोजच जायला लागलो.

एकदा एका संशोधन संस्थेचा मेल आला. तुमचं पॅकेज, म्हणजे हेच सॉफ्टवेअर, आमच्या सर्व्हरवर घ्यायचंय, आधी सिक्युरिटी तपासा आणि हा फॉर्म भरून द्या.

"टीममध्ये किती जण, विचारतायत."

"दोन लिही."

"दुसरा कोण?"

"मग इथे बसलाय कोण?"

मला तोवर कोणी कशात मोजलं नव्हतं.

"सिक्युरिटी पॉलिसी काय आहे, असं पण आहे."

"दाराला कडी आहे म्हणून सांग."

तपासायची सरांची पद्धत आपल्याकडचीच. वाडीत अनोळखी माणूस दिसला की आपण विचारतो ना, कुणाचा रे तू, तशी. आमचं पॅकेज दुसऱ्यांच्या ज्या ज्या पॅकेजवर उभं होतं, त्या प्रत्येकाचं सर विचारायचे, "हे कुणाचं? सांभाळतो कोण?" मी शोधायचो.

एकाचा मालक बरीच वर्षं गप्प होता. सरांनी त्याला मेल टाकला, तब्येत बरी आहे ना, म्हणून. उत्तर आलं नाही. सर दोन दिवस बेचैन.

भोक मात्र आमच्याच घरात सापडलं.

बंदराच्या नोंदींची फाईल उघडली, की त्या फाईलमध्ये कोणी कोड लपवला असेल तर तोही आपोआप चालायचा. म्हणजे वाईट माणसाने फाईल पाठवली आणि तुम्ही उघडली, तर तुमचा कॉम्प्युटर त्याच्या हातात.

"ही ओळ माझीच," सर म्हणाले. लपवलं नाही. पॅकेजच्या पानावर स्वतःच्या नावानिशी चूक लिहून टाकली. त्या दिवशी चहा नको म्हणाले.

आठवड्याभरात ते हॉस्पिटलात होते.

आणि तेव्हाच लोवॉटर, म्हणजे ओहोटी, अशा नावाच्या अकाउंटवरून त्या भोकाची दुरुस्ती आली. फोटो नाही, खरं नाव नाही, कोडसोबत इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी. दुरुस्तीच्या नावाखाली आत शिरणारे असतात, हे मी नुकतंच कुठेतरी वाचलेलं. मला वाटलं, हाच तो.

मी लिहिलं, तू कोण? एवढं काम फुकट कोण करतं? आम्ही येडे वाटलो काय? आणि दुरुस्ती नाकारून मोकळा झालो.

सरांनी पलंगावरून विचारलं, "कोणीतरी दुरुस्ती पाठवली म्हणे. वाचलीस काय?"

"वाचली. चुकीची आहे."

"बरं. तू बघितलंस म्हणजे झालं."

एक ओळ वाचली नव्हती मी.

चौथ्या दिवशी सर गेले.

मी पुन्हा भटकायला निघालो. हंपी, पुढे पाँडिचेरी. फोन आला तरी उचलायचो नाही. भोक उघडंच होतं आणि लोक पॅकेज वापरतच होते.

मागच्या आठवड्यात परत आलो. तीन दुपारी बसून ती दुरुस्ती ओळ न् ओळ वाचली. बरोबर आहे. फक्त एक ओळ मला कळत नाही. आणि न कळलेली ओळ आत घेतली, तर तपासलं कशाला म्हणायचं?

सर असते तर हाक मारली असती. काकींना विचारून उपयोग नाही. माझ्या घरी कोणाला मी काय करतो तेच माहीत नाही.

फॉर्मवर अजून 'दोन' लिहिलंय.

परवा लोवॉटरला मेसेज केला. सर गेले. मी न वाचताच नाकारलं होतं. माफ करा, आणि एवढी एक ओळ समजावून सांगा. आज वर्षाचा कार्यक्रम आहे तेही लिहिलं, उगाचच.

उत्तर नाही. का द्यावं त्याने?

सर, तुम्ही विश्वास ठेवून गेलात आणि मी वाचलं नव्हतं. तुमच्या घरात बसून हे सगळ्यांसमोर सांगतोय. शेवटचा जय भीम, सर.

थांबा.

पोस्ट टाकणार तेवढ्यात फाटक वाजलं. एक बाई आल्यात. साठीच्या असतील. दाभोळहून, एसटी बदलत. घराचा पत्ता पॅकेजच्या पहिल्याच फाईलमध्ये मिळाला म्हणाल्या. सरांनी तो घरनंबरासकट लिहून ठेवलाय.

"मी लोवॉटर. तुमचा मेसेज वाचल्यावर उत्तर टाइप करवेना, म्हणून निघालेच. कार्यक्रम चुकला ना?"

मी खुर्ची पुढे केली. काकींनी पाणी आणलं.

त्यांनी पेला खाली ठेवला, पर्समधून चष्मा काढून लावला आणि विचारलं, "कुठली ओळ अडलीय?"