अर्धा कोयता

आधीच सांगते, मी विज्ञान शिकवणारी बाई आहे. बाधा-बिधा म्हणणाऱ्यांना तोंडावर झापलंय मी. त्यामुळे हे लिहायला वर्ष लागलं... आणि खरं सांगू? कुणाला पटवत बसायचं त्राणही नाही आता.

वडवणीच्या पुढे, फाट्यापासून दोन किलोमीटर आत एक गाव. तिथल्या शाळेत आम्ही मे महिन्यात मुलांचं शिबिर घेतो — सकाळी साडेसात ते साडेअकरा, नाममात्र फी, चित्रं, गाणी, खेळ, खिचडी. मुलं बहुतेक आईबापांबरोबर ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि खिचडी करणाऱ्या कौसामावशी. बाकीचे उद्घाटनाच्या फोटोपुरते!

मावशींनी आयुष्यभर ऊस तोडला. तिकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मावशी मुलंही तशीच मोजायच्या. सुटताना मुलं जोडीनं हात धरून, डोक्यावर टॉवेल घेऊन दारातून निघायची आणि मावशी एकेकाच्या डोक्याला हात लावायच्या. एकोणीस मुलं, साडेनऊ कोयते. शेवटची अर्धी म्हणजे सात वर्षांची रूपाली. उशिरा आलेली, म्हणून तिला जोडी नव्हती.

त्या शनिवारी ऊन मरणाचं होतं. रात्रभर लाईट नव्हती, डोळ्याला डोळा नव्हता. “साडेनऊ कोयते, पुरे!” मावशी ओरडल्या. मी आत न बघता पत्र्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि आम्ही निघालो.

फाट्याच्या वाटेवर मावशी हसत म्हणाल्या, “ती अर्धी लई चाबरी हाय बरं, ताई. आज म्हणती कशी — ‘मावशे, माझी जोडी आतच राहिली.’ म्या म्हणलं, अर्ध्या कोयत्याला कुठली आली गं जोडी? पळ घरी!”

मीही हसले. दहा पावलं गेले... आणि पाय थांबले. जोडी नसलेली पोर असं कशाला म्हणेल?

“मावशी, तोंड बघितलं का तिचं?”

“न्हाई. टावेल होता की. कावून?”

कशी पळाले देव जाणे. किल्ली कुलपात जाईना. रूपाली सतरंज्यांच्या ढिगामागे पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, हाक मारली तर डोळे उघडेना. रांजणातलं पाणी ओतलं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं, कुणाच्या तरी मोटारसायकलवर दवाखाना गाठला. तिचे आईबाप कामावर. संध्याकाळपर्यंत तिची चौकशी कुणी केली नसती. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर... पुढचं मी ऐकलंच नाही. भिंतीला टेकून रडले. माझ्याच हातानं कुलूप घातलं होतं हो!

पोर वाचली. “लपले अन् झोप लागली,” एवढंच म्हणाली.

नंतर आम्ही उरलेल्या अठराही मुलांच्या घरी जाऊन आलो. सगळी आपापल्या जोडीनं गेलेली. मग शेवटी दारातून एकटी गेली ती कोण? मावशी एवढंच सांगतात, “डोकं गारढोण होतं ओ. मला वाटलं, रांजणावर भिजवून आली. पण हात कोरडाच राह्यला माझा.”

मावशींना भास झाला म्हणावं... तर आत कुणी राहिलंय हे भासाला कसं कळलं? उत्तर शोधायचं मी सोडलंय.

यंदाही शिबिर घेतलं. दमले, तरी घेतलं. आता कुलपाआधी रोज दोनदा आत जाऊन बघते. रूपाली येते. यंदाही शेवटी ती एकटीच उरते, पण चालताना एक हात बाजूला धरून ठेवते. मावशी तिच्या डोक्याला हात लावतात आणि म्हणतात, “पुरा कोयता.”

मोजणी एकानं चुकते. मी चुकू देते.