झाकण मीच उघडायचो

माझ्या बायकोच्या औषधात मी तीन महिने लबाडी केली. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला सेवाभावी नवरा समजणार नाही.

वृषालीच्या आजाराचं नाव कळलं, त्या दिवशी डॉक्टरांनी तिची बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि म्हणाले, "रुमॅटॉइड आर्थ्रायटिस." म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी तिची मूठ मिटत नसे. कणीक, कुकरचं झाकण, तिच्या ड्रेसची बटणं, सगळं हळूहळू माझ्याकडे आलं.

वर्षभर गोळ्या घेऊनही सूज फारशी उतरली नाही. तेव्हा डॉक्टरांनी क्लिनिकल ट्रायल सुचवली. नवं औषध माणसांवर तपासून पाहायचा अभ्यास. चालू गोळ्या तशाच ठेवायच्या, वर रोज एक कॅप्सूल. ट्रायल डबल ब्लाइंड होती. म्हणजे कॅप्सूलमध्ये खरं औषध आहे की प्लॅसिबो, औषध नसलेली नुसती पूड, हे पेशंटलाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरांनाही.

"तुम्हालाच ठाऊक नाही?" मी विचारलं.

"ठाऊक असलं तर आमचंही मन एका बाजूला झुकेल," डॉक्टर म्हणाले.

मला ते उत्तर आधीच तयार करून ठेवल्यासारखं वाटलं.

संशोधन विभागात हृदयाचे, किडनीचे, दम्याचे, कॅन्सरचे पेशंट एकाच वेटिंग रूममध्ये बसायचे. प्रत्येकाच्या हातात तीच पांढरी पिशवी, वर नाव नाही, नुसता नंबर. कॉफी विचारली जायची, सगळे हसून बोलायचे. दुबईत इतक्या वर्षांत कुठल्या काउंटरवर माझ्याशी कुणी एवढं गोड बोललं नव्हतं. म्हणूनच मी सावध झालो.

वृषालीने संमतीपत्राची पानं दोन संध्याकाळ बसून वाचली, समासात प्रश्न लिहिले, आणि वाकड्या अक्षरात सही केली. "मला नाही झाला, तरी माझ्यामागून येणारीला उपयोग होईल," म्हणाली.

दुबईच्या करामा भागातल्या एका हॉटेलात मित्राला, दळवीला, हे सांगितलं. तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "सगळ्या तपासण्या फुकट? हबीबी, वहिनींना प्रयोगाचा उंदीर केलंस की!" तो हसला. मीही हसलो. ते वाक्य मात्र माझ्याबरोबर अल कुसैसला घरी आलं.

लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून कॅप्सूलच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं होतं. वृषालीच्या बोटांना ते जमणं शक्य नव्हतं. आठवड्याची सात खणांची डबी मीच भरायचो. पहिल्याच दिवशी मी तीत फार्मसीतल्या व्हिटॅमिनच्या कॅप्सूल भरल्या. खऱ्या कॅप्सूल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एका पाकिटात. तिने त्या कधी पाहिल्याच नाहीत. दर महिन्याला बाटली रिकामी परत जायची.

ट्रायलचं काम पाहणारी नसरीन रत्नागिरीची. बाटली घेताना ती विचारायची, "भाऊ, रोज वेळेवर जातंय ना औषध?"

"तुमचा विश्वास नाही का?" मी उलट तिच्यावरच उखडायचो.

वृषालीला एक डायरी दिली होती. रोज रात्री जेवणानंतर पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरून ती लिहायची, 'घेतली.' एका शब्दाला तिला मिनिटभर लागायचं. मी समोर टीव्ही बघत असायचो.

बाराव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये काहीच फरक नव्हता. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, माझंच शरीर नतद्रष्ट. एवढं मनापासून घेतेय, तरी लागू पडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन नसरीनकडे गेलो, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तिने त्याला हातही लावला नाही.

"हे मला वर कळवावंच लागेल. आणि भाऊ, माझी माफी नका मागू. सही वहिनींची आहे. आधी त्यांना सांगा."

पुढचं इथेच सांगून टाकतो. वृषालीला ट्रायलमधून बाहेर पडावं लागलं. आता इंजेक्शनातून दुसरं औषध चालू आहे, मूठ अर्धी मिटते. ती कॅप्सूल औषधाची होती की पुडीची, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. हॉस्पिटलवर माझा पूर्ण विश्वास बसलाय असंही नाही. कुणाचा फायदा, कोण तपासतं, हे प्रश्न मी आजही घेऊन जातो. फरक एवढाच की ते डॉक्टरांच्या तोंडावर विचारतो, आणि वृषाली शेजारी बसलेली असते. तुमच्या घरावर ही वेळ आली तर संशय जरूर घ्या. आजारी माणसाच्या पाठीमागे घेऊ नका.

नसरीनला भेटून आलो त्या संध्याकाळी वृषाली डायरी उघडून बसली होती. मी टीव्ही बंद केला आणि पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"तुझं औषध. सगळं. एकही कॅप्सूल तुझ्या पोटात गेलेली नाही."

तिने पेन खाली ठेवलं. मी ठरवून ठेवलेली कारणं, दळवी, हॉस्पिटल, तिची काळजी, त्यातलं काहीच बोललो नाही.

"वृषाली, तुझं शरीर नतद्रष्ट नाही. तू विचार करून सही केलीस, आणि तुला झाकण उघडता येत नाही याचा मी फायदा घेतला. माझं चुकलं. मला माफ कर."