मागची आठ पानं

पेपर मधल्या घडीवर फाडायचा असतो, हे मला तिने शिकवलं. इंग्रजी पेपरची पानं एकात एक घातलेली असतात, त्यामुळे पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच कागदावर येतं. सरळ वाटून घ्यायला गेलं तर संसदही एकीकडे आणि क्रिकेटही तिच्याचकडे. म्हणून पेपर टेबलावर पूर्ण पसरायचा, घडीवरून नख फिरवायचं, स्टीलची पट्टी दाबून धरायची आणि एका दमात ओढायचा. पुढची आठ पानं माझी, मागची आठ तिची. मी फाडला की माझ्या ओळींचे शेवटचे शब्द तिच्या बाजूला जायचे. "ए कसाई, बाजूला हो," म्हणून ती पट्टी माझ्या हातातून काढून घ्यायची.

आम्ही दोघी सिव्हिल सर्व्हिसेसची तयारी करत होतो. बोरिवली पूर्वेला एका लग्नाच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती, तिथे आमची ओळख झाली. खाली सनई आणि मसालेभाताचा वास, वर 'शांतता राखा'ची पाटी. मी चार इमारती सोडून राहायचे. आईवडील दोघंही नोकरीत, त्यामुळे मला अभ्यास सोडून घरात कुणी काही काम सांगत नसे. ती दहिसरहून यायची, नदीजवळच्या चाळीतून. घर मूळ मालवणचं, आजोबा गिरणीत होते, वडील एका छोट्या कारखान्यात. तिथे अभ्यासाला बसायचं म्हणजे आधी पाणी भरायचं, मग बसायचं.

बाकी सगळे विषय कुठेतरी संपतात. इतिहासाच्या पुस्तकाला शेवटचं पान असतं. चालू घडामोडींना नसतं. तुम्ही झोपलात तरी कुठल्यातरी देशात सरकार पडतं आणि ते परीक्षेला येऊ शकतं. रोज अडीच तास पेपरात जायचे, डोकं भणभणायचं. त्यावर आम्ही वाटणीचा हा उपाय शोधला. देश, राज्यं, संसद, कोर्ट माझ्याकडे. जग, व्यापार, विज्ञान, खेळ तिच्याकडे. अभ्यासिकेतल्या मुरलेल्या मंडळींनी आम्हाला वेड्यात काढलं. अर्धा पेपर वाचून कुणी अधिकारी होतं का? मी नेहमीप्रमाणे त्यांच्याशी भांडले आणि वाटणी कायम ठेवली.

रविवारी चार वाजता हॉलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, आम्ही एकमेकींना आपापला आठवडा सांगायचो. वही उघडायची नाही, हा नियम. जे तोंडाने सांगता येत नाही ते आपल्याला येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. माझं सांगणं म्हणजे बातम्यांचं वाचन. तिचं सांगणं ऐकत राहावं असं. दोन देशांचा नदीच्या पाण्यावरून तंटा असला की ती कमरेवर हात ठेवून थेट चाळीतल्या नळावर जायची. "हो देश त्या देशाक म्हणता, तुझां भांडां माझ्या नळाखाली कित्याक लावतंस?" मग तिसरा मोठा देश समेट करायला यायचा आणि जाताना दोघांच्या बादल्या घेऊन जायचा. मी हसून हसून टाकीला टेकायचे. घरी येऊन वहीत लिहिताना ते सगळं शुद्ध भाषेत लिहावं लागे, आणि लिहिताना मला तिचा हात कमरेवर दिसे.

पहिल्या वर्षी दोघीही पूर्व परीक्षेत उडालो. उत्तरं पडताळून पाहिली तर गंमत निघाली. तिच्या पानांवरचे बहुतेक प्रश्न मला बरोबर आले होते आणि माझ्या पानांवरचे तिला. जे स्वतः डोळे फोडून वाचलं ते दोघींच्या डोक्यातून गेलं, आणि जे दुसरीच्या तोंडून ऐकलं ते राहिलं. "म्हणजे आपण दोघींनी मिळून एकच फॉर्म भरायला हवा," ती म्हणाली. त्यानंतर वाटणीविरुद्ध कुणाचं काही ऐकून घ्यायचा प्रश्नच उरला नाही.

दुसऱ्या वर्षीही गेलो. तिसऱ्या वर्षी मी पूर्व परीक्षा पास झाले. निकालाच्या दिवशी मी तिला फोन केला, तेव्हा मागे खूप आवाज होता. "तुझं?" मी विचारलं. "दोन मार्कांनी गेलं गं," ती म्हणाली. "जाऊ दे ना. तू आता मेन्स काढ. मी रविवारी येते."

आणि ती येत राहिली. मुख्य परीक्षेला तीन महिने होते. रोजची तिची हजेरी त्या उन्हाळ्याआधीच सुटली होती. घरून अभ्यास करते, चाळीत आता बरं पडतं, असं तिने सांगितलं होतं आणि मी ते मानलं होतं. पेपरही आता दोघींचे वेगवेगळे, पण ती आपला मधून फाडते आणि मागचा अर्धा जपून ठेवते, हे मला माहीत होतं. रविवारी चारला ती गच्चीवर असायची. तिचं सांगून झालं की माझं ऐकायची, मध्येच प्रश्न विचारायची, एखादं विधेयक मला समजलेलं नाही हे तिच्या प्रश्नामुळे मला कळायचं. मला हे सगळं हक्काचं वाटत होतं. परीक्षा माझी होती आणि त्या तीन महिन्यांत मला माझ्याशिवाय दुसरं कुणी दिसत नव्हतं.

परीक्षेला तीन आठवडे असताना एका रविवारी ती सांगत होती, अमुक एका देशाने तमुक गटात यायला अजून होकार दिलेला नाही. मी तिला थांबवलं. तो देश त्या गटात सामील होऊन पंधरा दिवस झाले होते. जेवताना टीव्हीवर सहज कानावर पडलं होतं म्हणून मला ठाऊक. टीव्ही लागला नसता तर मी परीक्षेत धडधडीत चूक लिहून आले असते, या विचाराने माझ्या अंगाचा भडका उडाला.

"तू पेपर वाचतेस की नाही?" मी म्हटलं. "माझी मेन्स आहे यार, मस्करी नाही. तुझी गेली म्हणून माझी पण घालवायची आहे का?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि ते मला ऐकूही आलं. तरी मी ते मागे घेतलं नाही. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सॉरी. त्या आठवड्यात दोन दिवस राहिले होते वाचायचे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नाही होणार." पुढच्या रविवारी ती आली तेव्हा तिच्या सांगण्यात एकही चूक नव्हती. नळ नव्हता, बादल्याही नव्हत्या. बातम्या घडाघडा सांगितल्या आणि पाणी पिऊन गेली.

मुख्य परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दहिसरला तिच्या घरी गेले. मनात होतं, तिला बाहेर नेऊन काहीतरी झकास खायला घालायचं आणि खाता खाता सॉरी म्हणून टाकायचं. घरी तिची आई एकटी, परातीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी शेजारी बसून चार वाल सोलले आणि बोलता बोलता म्हटलं, "मावशी, पुढच्या वर्षी तिचंही होईल बघा. दोनच मार्क कमी पडले."

मावशींचा हात थांबला. "कसले मार्क? तिना ह्या वर्सा फॉर्मच भरूक नाय, बाय. बाबांचो कारखानो बंद झालो ना. शिमग्यापासून अंधेरीक कामाक जाता."

अंधेरीला, औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंगच्या युनिटमध्ये. आठवड्याचे सहा दिवस, दिवसभर उभं राहून. मावशी सांगत होत्या आणि मी हातातला वाल सोलत होते, त्याचा पार चुरा झाला. जेवणाच्या सुट्टीत ती पेपर घेऊन बसते आणि तिथल्या बाया तिला चिडवतात, हेही त्यांनी सांगितलं. त्या म्हणत होत्या ते कौतुकाने. मी ती यायच्या आत निघाले. खाली नदीच्या पुलावर उभी राहून मी रडले, आणि त्या रडण्यात निम्मा तरी राग होता. मला का नाही सांगितलं? मग स्वतःचाच आवाज आठवला, तुझी गेली म्हणून. तिची गेलेली नव्हतीच. ती परीक्षेला बसलीच नव्हती.

सॉरी म्हणायला मी पुन्हा गेले नाही. तिने विषय काढावा म्हणून मी थांबले आणि तिने काढला नाही. मुख्य परीक्षेत मी नापास झाले. निकालावर तिचा मेसेज आला, "वाईट वाटलं गं." मी "हो ना" लिहिलं. आता रविवारी सांगायचं तरी कशासाठी, म्हणून गच्ची सुटली. पुढे तिचं लग्न झालं आणि ती कुडाळकडे गेली. मला राज्याच्या परीक्षेतून एक पोस्ट मिळाली. आता अंधेरीच्या एका सरकारी कचेरीत बसते, वसाहतीच्या रस्त्यानेच जाते. दुपारी युनिटच्या फाटकाबाहेर बायका डबे घेऊन बसलेल्या दिसतात, तेव्हा मी रिक्षातून वाकून बघते. ती तिथे नाही हे पक्कं माहीत असूनही बघते.

घरी अजून पेपर येतो. पुढची आठ पानं मी वाचते. मागच्या आठांवर नवरा कांदे-लसूण वाळत घालतो. एकदा त्याने विचारलं, "तुला जगाचं काहीच पडलेलं नाही का?" मी प्रयत्न करून पाहिला आहे. चार ओळींनंतर कमरेवरचा हात दिसायला लागतो, आणि ती इतकी आठवते की मला पुढे वाचवत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी घरात कुणी नव्हतं. चार वाजले होते. फार विचार न करता मी तिला फोन लावला.

"काय गं, बरं आहे ना सगळं?" तिचा आवाज जरा जाड झाला होता.

"तू त्या वर्षी फॉर्म भरला नव्हतास," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मनात घोळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

"आईने सांगितलं होतं, तू येऊन गेलीस ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

"मी त्या दिवशी गच्चीवर जे बोलले ना..."

"सोड ना गं. टेन्शनमध्ये होतीस तू."

"पण फॉर्म भरला नव्हतास, तर यायचीस कशाला? सहा दिवस उभं राहून सातव्या दिवशी माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी काय, शहाणे," ती म्हणाली, आणि ती हसली ते मला ऐकू आलं. "आठवडाभर मला कुणी काही विचारायचं नाही. खोका कुठे, टेप कुठे, एवढंच. तू एकटी विचारायचीस, जगात काय चाललंय ते."

मी घाईघाईने म्हटलं, "मग सांग ना. काय चाललंय?"

"मी कुठे वाचते आता! इथे पेपर दुपारी येतो, आणि पोरं त्याची विमानं करतात. तू सांग. तुझं चालू असेलच."

मी सांगितलं. वही उघडली नाही. कोर्टाने काय म्हटलं, कुठलं विधेयक अडलं, कुठल्या राज्यात कोण रुसलं. तिने मध्ये दोन प्रश्न विचारले आणि दुसऱ्याचं उत्तर मला आलं नाही. दहा मिनिटांत माझी आठ पानं संपली. मग मी सवयीने गप्प झाले, कारण आता तिची पाळी होती.